झोपे मॅडमची नजर

आमच्या प्रयोगशाळेत ते मशीन आलं त्या दिवशी त्याची रीतसर पूजा झाली. संचालकांनी हार घातला. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने मशीनला कुंकू लावू नका अशी विनंती केली, पण त्याची विनंती पूर्ण होईपर्यंत कुंकू लावून झालं होतं. नारळ फोडायला सगळ्यांनी झोपे मॅडमना पुढे केलं, कारण विभागप्रमुख त्या होत्या. त्यांनी नारळ हातात घेतला, मशीनकडे पाहिलं, खालच्या फरशीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हा बाहेर पायरीवर फोडा. इथे फोडला तर नेमकं काय फुटेल सांगता येत नाही."

खोबरं वाटून झाल्यावर त्यांनी इंजिनिअरला विचारलं, "हे थकतं का?"

"नाही मॅडम. चोवीस तास चालू शकतं."

"मग राहू दे. मी थकते."

एवढं बोलून त्या आपल्या सूक्ष्मदर्शकापाशी जाऊन बसल्या. आम्ही सगळे जरा निराश झालो. मॅडमना मशीनचा राग येईल, काहीतरी बाणेदार बोलतील, राजीनाम्याची भाषा होईल, अशी आमची तयारी होती. निदान जळगावच्या उन्हाळ्यात आमच्या विभागातला एसी त्या मशीनसाठी बदलला आणि माणसांसाठी इतकी वर्षं बदलला नव्हता, याबद्दल तरी त्या बोलतील असं वाटलं होतं. त्या फक्त शाल घेऊन येऊ लागल्या.

डॉक्टर प्रमिला झोपे. आडनाव झोपे आणि काम डोळे उघडे ठेवण्याचं. गाव फैजपूरच्या बाजूचं, घरची केळीची शेती. उंची बेताची, केस पांढरे, चष्मा कपाळावर. सूक्ष्मदर्शकात पाहताना तो तिथे जाई आणि मग दिवसभर तिथेच राही. धुळ्याला शिक्षण संपवून मी जळगावच्या या ट्रस्टच्या दवाखान्यात त्यांच्या हाताखाली लागले, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी मला शिकवलं ते एवढंच : "रिपोर्ट सांगताना पहिलं वाक्य नीट निवड. लोकांना पुढचं ऐकू येत नाही."

त्या स्वतः ते कसोशीने पाळत. काचेत काही वाईट नसेल तर फोन उचलल्याबरोबर, नाव-गाव काही न विचारता, "कॅन्सर नाही" असं त्या आधी म्हणून टाकत आणि मग, "मी झोपे बोलतेय, दवाखान्यातून." एकदा यावलच्या एका विमा एजंटाचा चुकीचा नंबर लागला. त्या माणसाला आपल्याला कॅन्सर नाही हे कळलं. तो दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला. मॅडमनी त्याला समजावून सांगितलं की त्याची कसलीच तपासणी झालेली नाही. तो म्हणाला, "तरी पण."

बातमी वाईट असली की मात्र त्या पेशंटला बोलावून घेत आणि "बसा" म्हणत. पॅथॉलॉजिस्ट सहसा पेशंटला भेटत नाही. आम्हाला माणूस दिसतच नाही, त्याच्या पेशी दिसतात. मॅडम भेटत. त्यामुळे पुढे पुढे असं झालं की त्यांच्या तोंडच्या "बसा" या शब्दाची दवाखान्यात दहशत बसली. स्टाफपैकी कुणी त्यांच्या खोलीत गेलं आणि त्या बसा म्हणाल्या, की समोरचा आधी दाराकडे बघे. हे त्यांच्या लक्षात आल्यावर त्यांनी पेशंट सोडून कुणालाही बसा म्हणणं बंद केलं. संचालकसुद्धा त्यांच्या खोलीत उभ्यानेच बोलत. संचालकांना त्याचं कारण कधी समजलं नाही. मॅडम आपल्याला मान देत नाहीत असा त्यांचा समज होता, आणि तोही अगदीच चुकीचा नव्हता.

मशीनचं काम काय होतं ते आता सांगायला हवं. बाईच्या गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर होतो तो एका दिवसात होत नाही. आधी तिथल्या काही पेशी बिघडतात आणि तशाच बरीच वर्षं राहतात. त्या वर्षांत सापडल्या तर छोट्या उपचाराने काम भागतं. म्हणून तिथून अलगद पुसून घेतलेल्या पेशी काचेवर पसरतात, रंगवतात, आणि आमच्यासारखं कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली ती काच या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचतं. काचेवर पेशी हजारोंनी असतात. बिघडलेल्या असल्याच तर त्यात मूठभर. पेरणीच्या बियाण्यात चार खडे शोधावेत तसं ते काम, आणि बहुतेक काचांमध्ये खडे नसतातच. अवघड तेच. दिवसभर काही सापडत नाही, आणि तरीही शेवटची काच पहिलीइतक्याच संशयाने पाहायची असते.

मशीन काचेचे फोटो काढी आणि संगणक त्यातल्या संशयास्पद जागा निवडून पडद्यावर मांडी. इंजिनिअरचं म्हणणं होतं, मॅडमनी फक्त त्या निवडलेल्या जागा पाहाव्यात म्हणजे वेळ वाचेल. मॅडमनी घरून एक पंचा आणला आणि पडद्यावर टाकला.

"मॅडम, हे काय?"

"आधी मी पाहणार. माझं मत लिहून झालं की पंचा काढायचा. परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात बघून लिहिलं तर दोघांचं एकच चुकतं."

"पण वेळ दुप्पट लागेल."

"लागू दे. माझी बस साडेसहाला आहे."

तर आमच्याकडे असं चाले. मॅडम काच वाचत, मत लिहीत, मग पंचा उचलत. मशीनला त्या "हा" म्हणत. "बघू, हा काय म्हणतो." मशीन काहीही म्हणे. कापसाच्या तंतूवर त्याचा भारी संशय. आमच्याकडे कापसाला काय तोटा? नमुना घेताना एखादा धागा काचेवर येई आणि मशीन त्याच्याभोवती लाल चौकट करून ओरडल्यासारखं करी. मॅडम म्हणत, "हा विदर्भातला दिसतो. कापूस पाहिला की घाबरतो." मग एखाद्या दिवशी त्याच चौकटीत खरोखरच काहीतरी असे. तेव्हा त्या काच पुन्हा लावत, आपलं मत खोडत आणि खाली स्वतःची नव्याने सही करत.

मशीन आल्यावर तपासण्या वाढवायच्या म्हणून गावोगावी शिबिरं सुरू झाली. दोंडाईचाजवळच्या एका गावातलं शिबिर मला आठवतं. शाळेच्या दोन खोल्या, एकीत पडदा लावून टेबल, बाहेर मांडव. मॅडमनी माइकवरून सगळं समजावून सांगितलं. बायांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा घेतला, आणि कुणीही उठलं नाही. दवाखान्याच्या नर्सने पुन्हा समजावलं. पुन्हा चहाच झाला. शेवटी पुढे बसलेली एक बाई, कपाळावर गोंदलेली, हातात दुसऱ्याच कुणाचं तरी पोर, मॅडमना म्हणाली, "बाई, तुमीन करेल शे का हाई तपासनी?"

मी मॅडमकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी विचारला नव्हता, कुणीच विचारला नव्हता.

"नई," मॅडम माइकमध्येच म्हणाल्या.

"मंग आमले कसाले सांगतस?"

मॅडमनी माइक बंद केला. मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, चष्मा दिला, आणि आत पडद्यामागे गेल्या. बाहेर साठ-सत्तर बाया आणि मी असे सगळे पडद्याकडे बघत उभे. थोड्या वेळाने त्या साडी नीट करत बाहेर आल्या.

"दुखनं का?" त्या बाईने विचारलं.

"लाज वाटली," मॅडम म्हणाल्या. "दुखलं नाही. आता कोण?"

ती बाई हातातलं पोर शेजारणीकडे देऊन उठली. तिच्यामागे इतक्या जणी आल्या की आमच्याजवळच्या काचा संपल्या.

मॅडमची काचही बाकीच्यांबरोबर मशीनखाली गेली. स्वतःची काच त्या वाचणार नव्हत्या. ती मला दिली. "नीट बघ. आणि संकोच करू नको, माझ्या पेशी तुझ्या सीनिअर नाहीत." मी आधी वाचली, मला काही दिसलं नाही. पंचा काढला तर मशीनने लाल चौकटींची रांगोळी घातलेली. वय झालेल्या बाईच्या पेशी कोरड्या पडतात, आकसतात, आणि मशीनला त्या हटकून वाईट वाटतात, हे मला पाठ होतं. तरी मी एकेक चौकट पुन्हा पाहिली, आणि मग पुन्हा. काही नव्हतं. सांगायला त्यांच्या खोलीत गेले आणि घाबरल्यामुळे माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, बसा ना."

त्या टेबलाशी उभ्या होत्या. मी त्यांचा चेहरा पांढरा पडलेला पाहिला तो तेव्हाच. त्या बसल्या.

"नाही नाही," मी म्हणाले, "काही नाही. कॅन्सर नाही. नुसतं बसा म्हटलं."

मॅडमनी टेबलावरचा तांब्या ओढला. मग पाणी प्यायल्या. "मशीन काय म्हणालं?"

"त्याला संशय होता."

"माझ्या सासूबाईंनाही होता," त्या म्हणाल्या. "पण त्यांनी असे फोटो काढून दाखवले नाहीत."

हे सगळं सांगितलं ते यासाठी, की पुढे जे झालं ते करणारी बाई कशी होती ते कळावं.

मशीन आमच्याकडे रुळल्यावर त्याची परीक्षा घ्यायचं ठरलं. निकाल आधीच माहीत असलेल्या जुन्या काचा कपाटातून काढायच्या, त्याला दाखवायच्या, आणि ते किती ओळखतं हे पाहायचं. काचा मॅडमनीच निवडल्या. काही बिघाड असलेल्या, काही स्वच्छ. इंजिनिअर खास पुण्याहून आला होता. दुपारी त्याने एका काचेवर थांबून घसा साफ केला.

"मॅडम, हिचा तुमचा रिपोर्ट नॉर्मल आहे. मशीन म्हणतं, नाही. बहुतेक मशीनचं चुकलंय."

त्याचा स्वर इतका अदबीचा होता की मी ताबडतोब मान वर केली. काच सुमारे दोन वर्षांपूर्वीची होती. मॅडमनी ती आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली लावली. कडेला, जिथे रंग जाड झाला होता तिथे, काळपट केंद्रकांचा एक लहानसा पुंजका होता. त्यांनी तो पाहिला, लेन्स बदलून पाहिला, मग उठल्या आणि मला म्हणाल्या, "तू बघ. काय दिसतं ते मला सांगू नको, लिही."

मी लिहिलं. त्यांनी वाचलं.

"मशीनचं बरोबर आहे," त्या इंजिनिअरला म्हणाल्या. "हे माझं चुकलं."

मग त्यांनी जेवणाचा डबा उघडला, पाहिला, बंद केला आणि माझ्यापुढे सरकवला. भरली वांगी होती. मलाही गेली नाहीत.

बाईचं नाव होतं कौसाबाई. तेव्हा ती नशिराबादला मुलाकडे राहत होती. दिलेला फोन बंद लागत होता. मॅडम संचालकांकडे गेल्या. बरोबर मी होते. संचालक वाईट माणूस नव्हते, घाबरट होते. ते म्हणाले, "बोलवा की तिला. नेहमीची फेरतपासणी म्हणून बोलवा. जुन्या काचेचा विषय कशाला काढायचा?"

"कारण विषय तोच आहे," मॅडम म्हणाल्या.

"उद्या तिच्या मुलाने तक्रार केली तर?"

"तर डॉक्टर धरून माझं नाव आठ अक्षरांचं आहे, त्याला नीट लिहून देईन."

संचालकांनी अक्षरं मोजली असावीत.

आम्ही नशिराबादला गेलो. मुलाचं हायवेला टायरचं दुकान. तो म्हणाला, आई गावी गेली, पारोळ्याच्या पुढे, तिकडेच राहते आता. काय काम होतं? मॅडमनी त्याला उभ्याउभ्या सांगितलं. त्याच्या हातात पाना होता आणि तो पाना खाली ठेवायचं त्याला सुचेना.

"पण तुम्हीच तर सांगितलं होतं, काही नाही म्हणून."

"सांगितलं होतं. चुकीचं सांगितलं."

त्याने भांडणाची तयारी केली असावी. पण समोरून काही आलंच नाही, तेव्हा त्याने फक्त गावाचा रस्ता सांगितला. मग आम्ही गाडीत बसल्यावर पळत आला आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसला. पारोळा येईपर्यंत पाना त्याच्या हातातच होता.

कौसाबाई अंगणात खाटेवर ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत घालत होती. पन्नाशीची, काटक, पदर खोचलेला. मुलाला अवेळी पाहून तिने आधी त्याच्या बायकोची चौकशी केली.

"कौसाबाई, बसा," मॅडम म्हणाल्या.

"मी बसेलच शे. तुमीन बसा."

मॅडम खाटेच्या कडेला बसल्या. त्यांची बोली फैजपूरकडची आणि कौसाबाईची अहिराणी, पण दोघींचं अडलं नाही. मॅडम म्हणाल्या, "दोन वर्षांमागे तुमची तपासणी झाली, तिची काच मी पाह्यली होती. काही नाही असं मी लिहिलं. तिच्यात होतं. मले दिसलं नाही."

कौसाबाईने एक बिबडी उलटवली. मग दुसरी.

"मंग आते कोनले दिसनं?"

"नवीन मशीन आलं आहे. त्याले."

"मंग तुमीन कसाले उनात? फोन करी देतात."

"फोन बंद आहे तुमचा."

"हां," कौसाबाई म्हणाली. "रिचार्ज नई." मग बिबड्यांवरून नजर न काढता तिने विचारलं, "मरसू का मी?"

मुलाने मान फिरवली. मॅडमना अशा वेळी खोटं सांगता येत नसे आणि खरं त्यांना अजून माहीत नव्हतं.

"ते मी काचेवरून सांगत नाही," त्या म्हणाल्या. "एकदा सांगून चुकले. तुम्ही आत्ता माझ्यासंगे चला. दुर्बिणीने पाहू. हा रोग हळू चालतो. आपण त्याच्या आधी पोचलो असू असं मला वाटतं. वाटतं, एवढंच."

कौसाबाईने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. एखादी भाजीवाली खोटं वजन करते की काय हे पाहावं तसं. मग उठली.

"लुगडं बदलीसन येस. तवपावत बिबड्या दखा. कावळा येस."

आणि मी माझ्या विभागप्रमुखांना पारोळ्याजवळच्या एका अंगणात, हातात काठी घेऊन, खाटेजवळ कावळे हाकत उभं असलेलं पाहिलं. मी काठी घेऊ का म्हणून पुढे झाले. त्या म्हणाल्या, "मला सांगितलंय."

आम्ही आधी पोचलो होतो. जेमतेम. तुकडा काढून तपासला तेव्हा बिघाड शेवटच्या पायरीवर होता, पण उंबरा ओलांडलेला नव्हता. तो तुकडा मॅडमनी वाचला, मी वाचला, आणि मॅडमनी तो मुंबईला आणखी एकाला वाचायला पाठवला. छोटी शस्त्रक्रिया झाली. कौसाबाई दुसऱ्या दिवशी घरी गेली. मॅडम तिला सांगायला वॉर्डात गेल्या तेव्हा दारातूनच म्हणाल्या, "कॅन्सर नाही," आणि तिथल्या चारही खाटांवरच्या बायांनी एकदम हात जोडले.

मुलाला कुणीतरी तक्रार कर म्हणून भरीला घातलं होतं. कौसाबाईने त्याला मना केलं. "चूक बाईनी शे. बाईनी सोता ईसन सांगं. मंग आखो काय लिखनं शे?" संचालकांनी मॅडमना अभिनंदनाचं काहीतरी म्हटलं, तेव्हा मॅडमनी त्या वर्षाच्या आपल्या सगळ्या काचा मशीनला पुन्हा दाखवायच्या आहेत असं सांगून त्यांचा दिवस खराब केला. ते काम महिनोन् महिने चाललं. आणखी थोड्या सापडल्या, किरकोळ बिघाडाच्या. त्या प्रत्येकीला मॅडमनी बोलावून घेतलं आणि बसा म्हटलं.

कौसाबाई त्यानंतर आमच्या शिबिरांना येऊ लागली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. एसटीने यायची, पुढे बसायची आणि मॅडमचं भाषण संपलं की उभी राहून बायांना सांगायची, "हाई बाईनी मनं चुकाडं व्हतं. मंग मना घर उनी, मनं चुकनं म्हने. असा डाक्टर कोनी दखा का? आते हाई चुकाव नई." मॅडमचं भाषण यापेक्षा बरंच शास्त्रीय असे. पण बाया उठत त्या कौसाबाईचं ऐकून. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी मॅडमना म्हणाले, तिला थोडं वेगळ्या शब्दांत सांगायला सांगू या का? त्या म्हणाल्या, "कोणता शब्द चुकीचा आहे?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "शेवटचं वाक्य चुकीचं आहे. पण ते राहू दे."

आता ही बाई चुकणार नाही, हे ते शेवटचं वाक्य किती चुकीचं आहे ते त्यांना आमच्या आधी कळलं.

पंचा उचलल्यावर मॅडमचं आणि मशीनचं पटत नसे तेव्हा बहुतेक वेळा मॅडम बरोबर असत. मग हळूहळू तसं राहिलं नाही. एके दिवशी मशीनने दाखवलेली जागा त्यांनी पाहिली आणि म्हणाल्या, "इथे काही नाही." पाच मिनिटांनी मला हाक मारली. मी पाहिलं. होतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं. त्यांनी मला काचांचा एक गठ्ठा मिसळून द्यायला सांगितला, कोणती कसली ते न सांगता. दुपारभर त्यांनी त्या वाचल्या. संध्याकाळी आम्ही दोघींनी उत्तरं ताडून पाहिली. त्यांची बरीच उत्तरं चुकली होती.

"जिथे बघते तिथेच पुसट होतं," त्या म्हणाल्या. "बाजूचं सगळं स्वच्छ दिसतं."

डोळ्याच्या पडद्याचा विकार होता. उपचाराने फार तर थांबला असता, मागे फिरला नसता. संचालक मनापासून हळहळले. त्यांनी एक तोडगाही काढला : मॅडमनी यावं, बसावं, जागा मशीन दाखवेलच, मी आहेच, सही मात्र मॅडमची राहू दे, कारण जिल्ह्यात त्या सहीवर लोकांचा विश्वास आहे. हे ते नेहमीप्रमाणे उभ्यानेच बोलत होते.

"बसा," मॅडम म्हणाल्या.

संचालक दचकून बसले.

"नजर त्याची आणि सही माझी, असं होणार नाही. त्याला चुकायची मुभा आहे कारण त्याच्यामागे मी आहे. माझ्यामागे कोण?" मग माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "हिची सही चालू करा. सुरुवातीला लोक विचारतील. मग विसरतील."

निरोप समारंभ ठरला त्या दिवशी त्या रजेवर होत्या. रजेचा अर्ज आधीच मंजूर करून घेतला होता. शाल मी घरी नेऊन दिली. त्यांचे यजमान, गणिताचे निवृत्त प्राध्यापक, दार उघडायला आले आणि म्हणाले, "ती मागच्या दाराने गेली. तुम्ही शाल आणणार हे तिला माहीत होतं."

त्यानंतर फोनवर बोलणं व्हायचं. भेट मात्र झाली ती वर्षभराने, धुळ्याजवळच्या एका गावातल्या शिबिरात. मी काचांच्या टेबलाशी होते. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला कौसाबाई कुणालातरी हाताला धरून आणत होती आणि "पाय दखीसन ठेवा" म्हणून दटावत होती. त्या मॅडम होत्या. मी धावत गेले. त्या माझ्या कानाकडे बघत बोलल्या. समोरचा चेहरा दिसावा म्हणून नजर बाजूला ठेवावी लागते, हे मला माहीत होतं. गावातल्या बायांना नव्हतं. "डाक्टरीन लाजाळू शे," असं कुणीतरी म्हणाल्याचं मी ऐकलं.

"इथे काय करता मॅडम?"

"बसते."

खरोखरच त्या नुसत्या बायांमध्ये बसत होत्या. माइक नाही, टेबल नाही. रांगेत एक तरुण मुलगी होती, नवं लग्न झालेली नव्हे, दोन लेकरांची आई, पण अंगाने लहानखुरी. तिचा नंबर आला तसा तिने पडद्याचा दांडा धरला आणि सोडेना. सासू रागावली, नर्सने समजावलं. मॅडम उठून चाचपडत तिच्यापर्यंत गेल्या.

"काय व माय, लाज वाटते?"

मुलीने मान हलवली. मॅडमना ती दिसली नसावी.

"मले तू दिसत नाहीस," मॅडम म्हणाल्या. "तुझं तोंड कसं आहे तेही मले माहीत नाही. मी तुझ्याजवळ उभी राहते. तुले पाहणारं कुणी नको असलं तर माझ्यासारखी बाई नाही सापडणार."

मुलीने दांडा सोडला आणि त्यांचा हात धरला. दोघी आत गेल्या. मग आतून ती मुलगी हसली, मोठ्याने, आणि नर्सचा आवाज आला, हसू नका, हलू नका. मॅडम काय बोलल्या होत्या ते मी नंतर नर्सला विचारलं. नर्स म्हणाली, ते बाहेर सांगण्यासारखं नव्हतं.

बाहेर आल्यावर मॅडम माझ्या टेबलापाशी थांबल्या. मी त्या मुलीची काच रंगासाठी तयार करत होते.

"मशीन चुकतं का अजून?"

"चुकतं, मॅडम."

"आणि तू?"

"मीही."

"दोघं एकाच ठिकाणी?"

मी आठवून पाहिलं. "नाही. त्याचं वेगळ्या ठिकाणी चुकतं, माझं वेगळ्या."

"मग ठीक आहे," मॅडम म्हणाल्या, आणि हात पुढे धरून, मांडवाच्या खांबांना शिवत, पुढच्या बाईकडे गेल्या.